हात लावू का?

मे महिना संपत आला की मेलबर्नच्या मैदानांवरचं दंव सकाळी हटायचं नाव घेत नाही. बूट कितीही चांगले असोत, ओल आत झिरपतेच, आणि कठड्याला टेकून उभ्या असलेल्या आई-बापांच्या हातातली कॉफी दोन घोटांत गार होते. अशाच एका रविवारी लेकीची फूटीची, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, मॅच होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये धावता धावता ती एकदम वाकली आणि पोटरी धरून खाली बसली. गोळा आला होता. आमच्या क्लबचा ट्रेनर धावत गेला. इथे ट्रेनर म्हणजे व्यायाम शिकवणारा नव्हे. दुखावलेल्या खेळाडूकडे धावणारा, घोट्याला पट्ट्या बांधणारा, पोटऱ्या रगडणारा माणूस तो ट्रेनर. आमचा ट्रेनर सत्तरी ओलांडलेला, कमरेला पिशवी, खिशात निलगिरीच्या तेलाची बाटली. चिखलात गुडघा टेकून तो बसला, आणि हात पुढे करण्याआधी थांबला. तिला विचारलं, "हात लावू का?" तिने मान हलवली. मग त्याने मान वर करून कठड्यापाशी मला शोधलं आणि तेच पुन्हा नजरेने विचारलं. मी हात हलवून हो म्हटलं, तेव्हा कुठे त्याने तळहातावर तेल ओतलं.

आता सगळीकडे असंच चालतं. मुलांच्या खेळात विचारूनच हात लावायचा असतो, आणि ते योग्यच आहे. पण घरी येऊन चिखलाचे मोजे बादलीत भिजत घालताना निलगिरीचा वास नाकातून जाईना आणि तो थांबलेला हात डोळ्यांपुढून हलेना. कारण टीव्हीवर तेव्हाच सर डग निकोल्स राउंडचे सामने चालू होते. २०१६पासून दर वर्षी या दिवसांत मोठ्या लीगमधले संघ त्या नावाने खेळतात, जर्सींवर आदिवासी चित्रकारांनी काढलेली नक्षी असते, सामन्याआधी त्या भूमीच्या मूळ मालकांचं स्वागत होतं. आणि ज्या माणसाच्या नावाने हे सगळं चालतं, त्याची मोठ्या फुटबॉलमधली वाट अडली ती एका न लागलेल्या हातापाशी.

१९२७चा हंगाम सुरू व्हायचा होता. डग निकोल्स वीस वर्षांचा. मरे नदीकाठच्या कमरागंजा या आदिवासी वस्तीतला, योर्टा योर्टा समाजाचा मुलगा, नदीपलीकडच्या टोंगाला गावाच्या संघात नाव काढून शहरात आलेला. उंची पाच फूट दोन इंच, पण पायात वारा. मोठ्या लीगमधल्या कार्लटन क्लबच्या सरावात तो उतरला. त्या काळच्या ड्रेसिंग रूममध्ये मालिश ही चैन नव्हती. हिवाळ्यातला खेळ, पावसाने जड झालेला चामड्याचा चेंडू, लाकडी फळ्यांतून शिरणारा गारठा. अंग रगडून गरम केल्याशिवाय मैदानात उतरलं तर मांडीमागचा स्नायू पहिल्याच धावेत दगा द्यायचा. कार्लटनच्या ट्रेनर मंडळींनी डगचं अंग रगडायला नकार दिला. तो काळा होता म्हणून. त्याच्या अंगाला वास येतो अशीही कुजबुज झाल्याचं सांगतात. डग तिथून बाहेर पडला आणि नॉर्थकोटला गेला.

त्या बाकावर तो किती वेळ आडवा पडून राहिला असेल, हे मला राहून राहून वाटतं.

बाबांशी फोनवर बोलताना मी ही गोष्ट काढली. बाबा तरुणपणी कुस्ती करायचे, कोल्हापूरकडच्या आमच्या गावातल्या तालमीत. अंगाची रगड म्हणजे काय ते त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती. पहाटेचा अंधार, कंदिलाच्या उजेडात खणलेला हौदा, तांबड्या मातीत कालवलेलं तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस, जोर-बैठका संपल्या की धाकट्यांनी थोरल्यांचं अंग रगडायचं, वस्तादाच्या पाठीला हात लावायला मिळाला तर तो मान. हे सगळं त्यांच्या बोलण्यातून मी लहानपणापासून ऐकत आलेय. डगची गोष्ट ऐकून ते लगेच म्हणाले, "हे काय बोलणं झालं? अगं, अंगाला अंग घासल्याशिवाय कुस्ती होते काय? माती लागली की सगळी पोरं एका रंगाची."

"सगळ्या जातींची पोरं होती का बाबा तालमीत?"

"होती की."

"आणि पाणी?"

पलीकडून पंख्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "माठ दोन होते."

त्यांनी विषय बदलला नाही, याचं मला बरं वाटलं. उलट ज्याचा माठ वेगळा होता त्या मुलाबद्दल ते खूप वेळ बोलले. त्याच्या हाताला गुण होता म्हणे. लचक भरली, मान आखडली की सगळे त्यालाच हाक मारायचे. त्याचा अंगठा नेमका दुखऱ्या जागी पडायचा. म्हणजे त्याचा हात सगळ्यांच्या पाठीला चालत होता आणि माठाला चालत नव्हता. कार्लटनमध्ये उलटं होतं. तिथे त्याची पाठ दुसऱ्याच्या हाताला चालत नव्हती. दोन्हीकडची रीत ठरवणाऱ्यांना आपण काही चुकीचं करतोय असं वाटत नसणार, आणि मला सगळ्यांत जास्त त्रास त्याचाच होतो. मैदानात स्पर्श टाळता येत नाही. चेंडूवर झेप घेताना खांद्याला खांदा लागतोच, पडलं की दोघं एकाच चिखलात लोळतात. मग भेद मैदान सोडतो आणि आत जाऊन बसतो, बाकावर, टॉवेलपाशी, पाण्यापाशी. बाहेर बसलेल्या पब्लिकला तो दिसतसुद्धा नाही.

नॉर्थकोट हा धाकट्या लीगमधला, व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनमधला क्लब. तिथे डगने पाच हंगाम काढले आणि १९२९च्या विजेत्या संघात तो होता. त्याच वर्षी त्याने वॉरॅकनबील आणि नायाह या गावांच्या गिफ्ट शर्यतीही मारल्या. गिफ्ट म्हणजे बक्षिसाच्या पैशांसाठी धावायच्या शर्यती; खेड्यापाड्यांत त्यांना जत्रेसारखी गर्दी व्हायची. कोचच्या पाटीवर त्याची जागा विंगवर. ही जागा कळायला मैदान डोळ्यांपुढे आणावं लागतं. लंबगोल मैदान, दोन्ही बाजूंना लांबच लांब कडा, आणि त्या कडेने शंभर मिनिटं वर-खाली धावणारा विंगमन. मधल्या उंचापुऱ्या गड्यांनी चेंडू बाहेर ढकलला की तो उचलायचा, दोघांना चकवून कठड्याला घासत पळायचं आणि पुढे किक मारायची. ठेंगण्या, वेगवान माणसाला याहून चांगली जागा नाही. पण विंगमन पब्लिकच्या सगळ्यांत जवळ असतो. गोलपाशी उभ्या असलेल्या खेळाडूला लांबचा गलका ऐकू येतो. विंगवरच्या खेळाडूला कठड्यावरचा एकेक शब्द ऐकू येतो, बोलणाऱ्याचं तोंडही दिसतं. काळ्या खेळाडूसाठी साऱ्या मैदानात ही सर्वांत उघडी जागा.

आमच्या ट्रेनरला मी पुढच्या रविवारी विचारलं, डग निकोल्सबद्दल काही ठाऊक आहे का. तो हसला. त्याच्या वडिलांनी पोरवयात डगला नॉर्थकोटच्या मैदानावर पाहिलं होतं. वडील सांगायचे, हा एवढासा माणूस उडी मारायचा तेव्हा आपल्याहून हातभर उंच बॅकमनच्या डोक्यावरून चेंडू काढायचा आणि जमिनीला पाय लागायच्या आत पुढच्या धावेच्या तयारीत असायचा. मग म्हातारा थोडा घुटमळला आणि म्हणाला, पाहुण्या क्लबचे लोक कठड्यावरून जे ओरडायचे ते मात्र वडिलांनी कधी घरात उच्चारलं नाही. दोन-तीन झेली बघितल्या की त्यांच्यातलेच काही टाळ्या वाजवायला लागायचे. मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. पण शिवी थांबवण्यासाठी प्रत्येक शनिवारी नव्याने झेप घेऊन दाखवायची, हे किती दमवणारं असेल!

१९३२मध्ये डग फिट्झरॉयकडे गेला, म्हणजे मोठ्या लीगमध्ये, पंचविशीत. त्या काळच्या फुटबॉलपटूची उमेदीची वर्षं निम्मी संपलेली. फिट्झरॉय तेव्हा कारखान्यांचं, गल्लीबोळांचं, गरिबांचं उपनगर होतं. मंदीचे दिवस होते आणि संघाचीही मोठी विचित्र अवस्था. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक १९३१ ते १९३६ या सहा वर्षांत पाच वेळा फिट्झरॉयच्या खेळाडूला मिळालं, आणि सबंध दशकात संघ एकदाही फायनल्समध्ये पोचला नाही. त्या पाचांतली तीन पदकं एकट्या हेडन बंटनची. बंटनही मरेकाठचा, ऑल्बरीचा. त्याला आणण्यासाठी क्लबने नियमाबाहेर पैसे देऊ केले म्हणून १९३०चा अख्खा हंगाम त्याला बाहेर बसवलं होतं. देखणा, शिस्तीचा, पोस्टरवर शोभणारा गडी. शहरभर त्याचं नाव.

ड्रेसिंग रूममध्ये पहिल्या दिवसांत डग एका कोपऱ्यात वेगळा बसून कपडे बदलायचा. कुणी हाकलण्याआधी आपणच अंतर राखायचं, हे कार्लटनने त्याला शिकवलं असणार. बंटनने ते पाहिलं, आपलं सामान उचललं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. त्यानंतर ते दोघं शेजारी शेजारीच तयार व्हायचे. ही गोष्ट मी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बंटन तेव्हा विशीच्या तोंडावर होता, डगहून चार-पाच वर्षांनी लहान. त्याने भाषण केलं नाही, कुणाला सुनावलं नाही, फक्त उठून शेजारी बसला. ज्याला बघायला माणसं तिकीट काढून येतात तोच तिथे बसल्यावर बाकीच्यांनी नाक मुरडायचं कसं? पण याच गोष्टीची दुसरी बाजूही मनातून जात नाही. एवढा मोठा खेळाडू शेजारी येऊन बसावा लागला, तेव्हा डगचं तिथे असणं साधं झालं. एखादा राखीव खेळाडू जाऊन बसला असता, तर दोघंही कोपऱ्यात पडले असते.

ते मैदान अजून आहे. एडिनबरा गार्डन्समध्ये, ब्रन्सविक स्ट्रीटच्या टोकाला, १८८८मधल्या लाकडी स्टँडसकट. मोठ्या लीगमधला फिट्झरॉय १९९६मध्ये संपला, ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. पण त्याच नावाचा हौशी क्लब आज तिथे खेळतो. मी एकदा दुपारी तिथे जाऊन कठड्याच्या कडेकडेने चालले. विंगच्या जागी थांबले, तर स्टँडमधल्या पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचा खोकलासुद्धा स्पष्ट ऐकू येत होता. गवत तुडवलेलं, मध्यात चिखल, एक मुलगा कुत्र्याला चेंडू टाकत होता. एवढ्या जवळून काय काय ऐकू येत असेल, त्याचा अंदाज पुस्तक वाचून आला नव्हता.

पैशांचं म्हणाल तर १९३०च्या नियमाने एका मॅचचे जास्तीत जास्त तीन पौंड मिळायचे. मंदीत तेही थोडे नव्हते, पण कारकीर्द म्हणून पोट भरणारे नव्हते. १९३१मध्ये डग जिमी शार्मनच्या बॉक्सिंग मंडळीत होता. शेतकी जत्रांतून तंबू ठोकायचा, बाहेर ढोल वाजवायचा, मंडळीतले बॉक्सर फळीवर ओळीने उभे करायचे आणि गावातल्या गड्यांना आव्हान द्यायचं: या, हिंमत असेल तर याच्याशी लढा. आदिवासी पोरांना जिथे मोकळेपणाने काम मिळायचं अशा मोजक्या जागांतली ही एक. फूटीत चपळाई विकायची, गिफ्टमध्ये वेग विकायचा, तंबूत मार खाण्याची ताकद विकायची. एकच शरीर. आणि त्याच शरीराला हात लावायला कार्लटनमधले लोक तयार नव्हते.

हे शरीर ज्या वस्तीत वाढलं, ती वस्ती सरकारच्या मुठीत होती. कमरागंजावर व्यवस्थापकाचं राज्य. कुणी राहायचं, कुणी जायचं ते तो ठरवायचा. डग आठ वर्षांचा असताना पोलीस आले आणि सोळा वर्षांच्या त्याच्या बहिणीला, हिल्डाला, घेऊन गेले. कूटामंड्राच्या संस्थेत, घरकाम शिकवायला. या वस्तीच्या शाळेबद्दल वाचताना मात्र मी चमकले. तिथले मास्तर होते थॉमस शॅड्राक जेम्स, मॉरिशसमध्ये भारतीय आई-वडिलांच्या पोटी जन्मलेले. त्यांनी आदिवासी बाईशी लग्न केलं आणि मरेकाठी चाळीसएक वर्षं मुलांना शिकवलं. पुढे हक्कांसाठी लढलेली एक पिढीच त्यांच्या वर्गातून बाहेर पडली. डगची शाळा अर्धवट राहिली, पण तो बसला त्याच फळ्यासमोर. या देशात आपली माणसं काल-परवा आली असं आम्ही इथल्या मंडळाच्या गणपतीत एकमेकांना सांगत असतो. गेल्या वर्षी आरतीनंतर मी या मास्तरांबद्दल बोलले, तर प्रसादाची ताटली हातात धरून चार जणी तिथेच बसून राहिल्या.

फिट्झरॉयसाठी डग १९३७पर्यंत ५४ सामने खेळला. १९३५मध्ये व्हिक्टोरियाच्या संघात निवडला गेलेला तो पहिला आदिवासी खेळाडू. मग गुडघे बोलायला लागले. १९३८मध्ये तो नॉर्थकोटला परतला आणि वर्षभरात खेळ थांबला. त्याच १९३८च्या २६ जानेवारीला, गोऱ्यांच्या आगमनाची दीडशे वर्षं सिडनीत साजरी होत असताना, आदिवासींनी शोकदिन पाळला. आदिवासींच्या हक्कांसाठी लढणारे नेते विल्यम कूपर यांच्याबरोबर डगही त्यात होता. पुढच्या वर्षी कमरागंजातली माणसं अन्नाच्या आणि वागणुकीच्या जाचाला कंटाळून चालत नदीपार झाली. युद्धात तो सैन्यात गेला, तर फिट्झरॉयच्या पोलिसांनीच त्याला मागून घेतलं, कारण त्या गल्ल्यांत राहायला आलेल्या आदिवासी कुटुंबांना सावरणारा दुसरा माणूस नव्हता. मग गोर स्ट्रीटवरचं चर्च, पाद्रीपण, पत्नी ग्लॅडिस यांच्या साथीने उभारलेली वसतिगृहं, १९७२मध्ये सर ही पदवी, १९७६मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचं गव्हर्नरपद आणि काही महिन्यांतच आलेला पक्षाघाताचा झटका.

शाळेतल्या तक्त्यांवर ही गोष्ट अशीच लिहिलेली असते: कार्लटनने हाकललं, पुढे गव्हर्नर झाले. वाचणाऱ्याला समाधान वाटतं की हिशेब चुकता झाला. मला तो चुकता झालेला दिसत नाही. विसाव्या वर्षी मोठ्या लीगमध्ये जायची लायकी असलेला गडी पंचविसाव्या वर्षी गेला. मधली वर्षं कुठल्या पदवीने भरून येणार? नॉर्थकोटने त्याला जपलं, तिथे तो सुखीही असेल, पण फिट्झरॉयच्या नावापुढचे ५४ हा आकडा मी वाचते तेव्हा त्याच्याआधी न खेळलेले सामने मला दिसतात.

आणि तो तर असामान्य होता. त्याच्या आधी, १९०४मध्ये, याच फिट्झरॉयकडून खेळलेला जो जॉन्सन हा मोठ्या लीगमधला पहिला आदिवासी खेळाडू. तोही सलग दोन विजेत्या संघांत होता. जुन्या क्लबांच्या नोंदी चाळल्या तर पानापानावर वेगळीच नावं भेटतात. दोन सामने, एक गोल. चार सामने, गोल नाही. कुणी दुकानात कामाला असेल, कुणी गोदीत. संधी मिळाली, जमलं नाही, घरी गेले, नातवंडांना सांगत बसले की मीही एकदा लीगमध्ये खेळलो होतो. ती सगळी गोरी पोरं. कमरागंजाचा संघ आसपासच्या लीगमध्ये दरारा असलेला संघ होता. तिथे डगच्या आगेमागे धावणारी, चांगली पण साधारण अशी कितीतरी पोरं असणार. डगला कार्लटनमध्ये काय झालं ते नदीकाठी कळल्यावर त्यांतल्या किती जणांनी मेलबर्नची गाडी धरलीच नाही, हे कुठल्या नोंदवहीत सापडणार? दोन सामने खेळून, एकही गोल न करता परत गेलेला कमरागंजाचा एखादा मुलगा मी त्या पानांवर शोधत राहते.